पोटावरचा हात

त्या सिस्टरचं नाव मला अजून माहीत नाही. वडिलांच्या कमरदुखीपायी धाराशिवच्या दवाखान्यात बऱ्याच खेपा झाल्या, पण मी त्यांना सिस्टर म्हणत गेलो आणि त्या मला दादा. वॉर्डात कुणी झोपलेलं दिसलं की त्या त्याच्या पोटावर अलगद हात ठेवायच्या आणि घड्याळाकडं बघत ओठांतल्या ओठांत श्वास मोजायच्या. मला ते उगीच वाटायचं.

यावेळी वडील भरती होते. दुखण्यानं चार दिवस जागे असलेले ते त्या दुपारी गाढ झोपले म्हणून मी खुशीत होतो. सिस्टरनी हात ठेवला, मोजलं, पुन्हा मोजलं.

"दादा, ही झोप न्हाय. श्वास लई कमी पडतोय."

त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, वडिलांना कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला. मग मला म्हणाल्या, "घरची पिशवी उलटी करा."

पिशवीतून आमच्या ईट गावच्या डॉक्टरांच्या पिवळ्या गोळ्या पडल्या. इथल्या गोळ्या पांढऱ्या. नावं वेगळी, औषध एकच, स्नायू सैल करणारं. गावच्या डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून वडील दोन्ही घेत होते; दुप्पट औषधानं श्वास मंदावला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उठून चहा मागितला. सिस्टर रागावल्या नाहीत. "बाबा, यापुढं सगळ्या गोळ्या मला दाखवायच्या. ईटच्या बी."

आता घरी जेवून ते आडवे झाले की माझा हात आपोआप त्यांच्या पोटावर जातो. डोळे न उघडता ते म्हणतात, "नीट मोज. सिस्टर इचारतील."