खाणीच्या बाटलीतला शिंपला

देशमाने साहेबांनी बाटली खिडकीच्या उजेडाला धरली, गोल फिरवली आणि मला विचारलं, "काय रं, खाणीत शिंपले कधीपासून सापडायला लागले?" त्या क्षणी माझं सगळं बदललं. साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठी माणसं लिहिणार आहेत. त्यांच्यात कॉलेज अर्ध्यावर सोडलेला बहुतेक मी एकटाच. साहेबांच्या कार्याचं मोजमाप करायची माझी लायकी नाही. पण त्या बाटलीबद्दल माझ्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही.

साहेबांची पहिली भेट भांडणातच झाली. करावे गावची वनिता कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिचे वडील हिराजीकाका खाडीत जाळी लावत. बेलापूरच्या डोंगरावर दगडखाणी होत्या. पावसाळ्यात त्यांचं पाणी नाल्यांनी खाडीत उतरायचं, पिठाच्या खळीसारखं पांढुरकं. जाळी चिकट व्हायची, मासा लांब पळायचा. वनितानं हे एकदा सहज सांगितलं. मी तेवढ्यावर पेटलो आणि सीबीडीतल्या, प्रदूषण तपासणाऱ्या साहेबांच्या सरकारी कार्यालयात दार आपटून शिरलो. पाच मिनिटं ओरडलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मागच्या फळीकडे बोट केलं. तिथं बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

"खाणीच्या पाण्यात गाळ किती, ते बघायला सकाळपासून ठेवल्यात. तुम्ही दार आपटलंत, सगळा गाळ उठला. आता पुन्हा चार तास. तोवर बसा इथंच."

मी चार तास बसलो. गाळ खाली बसताना प्रथमच नीट पाहिला. संध्याकाळी साहेब म्हणाले, "नमुने आणायला माणूस पाहिजे. रोजंदारी आहे. पण दार हळू लावावं लागंल." त्या दिवसापासून ते मला 'अवी' म्हणू लागले आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं.

साहेब मूळचे साताऱ्याकडचे, आमच्याच बाजूचे. खाणींचा विषय खात्यात कुणाला नको असायचा. साहेबांनी तो मागून घेतला. प्रत्येक चालू खाणीनं पावसाआधी एकाखाली एक तीन खड्डे खणायचे, पाणी एकातून दुसऱ्यात निवळत जाऊ द्यायचं, आणि वरच्या डोंगराचं स्वच्छ पाणी खाणीत न येता बाजूच्या चरानं काढून द्यायचं, हा नियम त्यांनी लावून धरला. एक खाणमालक चिडून म्हणाले, "साहेब, आता पावसालाही परवाना लावणार का?"

"पावसाला नाही हो. तो तुमच्या आवारातून जे उचलून नेतो, त्याला."

बंद खाणींचं तर विचारूच नका. मालक कधीच निघून गेलेले, आणि कार्यालयात चर्चा हीच की नोटीस काढायची कुणाच्या नावानं. साहेब म्हणाले, "मालक गेला असंल, पाऊस तर येणारच आहे." त्यांनी वरच्या चालू खाणवाल्यांना एकत्र बसवलं आणि एका बंद खाणीच्या तोंडाशी दगडी बांध घालून घेतला. आता वरचं गढूळ पाणी त्या पडीक खड्ड्यात थांबतं, गाळ टाकतं आणि मग खाली येतं. जिच्यामुळे त्रास, तिलाच कामाला लावलं. हे करताना साहेब छत्री बगलेत मारून तासन् तास भिजत उभे असत. छत्री कशाला आणता विचारलं, तर म्हणत, "बाई देतात म्हणून." बाई म्हणजे त्यांच्या पत्नी.

आता बाटलीकडे येतो. एक खाण मात्र ऐकत नव्हती. तिच्यावर कारवाईसाठी नमुना हवा होता. त्याच सुमारास हिराजीकाका ओट्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणाले होते, "जो कोन ती खान बंद करंल ना, त्याला माजी पोर दिली!" सगळे हसले. मी हसलो नाही. मी ते मनावर घेतलं.

नेमका त्या दिवशी पाऊस कमी होता आणि खाणीचं पाणी म्हणावं तितकं घाण नव्हतं. येताना मी करावेच्या धक्क्यावर थांबलो, बाटली उघडली आणि मूठभर चिखल आत टाकला. खाणीचा गाळ राखाडी असतो, खाडीचा काळा, एवढंही रागात सुचलं नाही. वर त्यात नखाएवढा शिंपला.

मी सगळं कबूल केलं. "पण साहेब, खाण दोषी आहेच!"

"असंल. ह्या बाटलीवर नाही." त्यांनी वरिष्ठांना स्वतः पत्र लिहून कारवाईचा प्रस्ताव मागे घेतला. मला काढलं नाही.

संध्याकाळी ते करावेला गेले. खाण बंद झाल्याची बातमी ऐकायला देवळापुढे माणसं जमली होती. साहेब उभे राहून म्हणाले, "नमुना माझ्या कार्यालयात बिघडला. चूक माझी आहे."

मागून आवाज आला, "कितीला बिगडला, सायब?"

अख्खा चौक हसला. मी हिराजीकाकांच्या शेजारी बसलो होतो. तोंड उघडलं नाही. पुढे साहेबांनी त्याच खाणीवर रोज उभं राहून तिचे तीनही खड्डे करून घेतले आणि पाणी निवळलं. पण वर्षभरात साहेब निवृत्त झाले, तेव्हा निरोपाला करावेतून एकही माणूस आला नाही. गावात त्यांना अजून 'बिगडलेला सायब' म्हणतात. साहेबांनी हे दोन वर्षं ऐकून घेतलं आणि माझं नाव कुठे काढलं नाही. वर दर जूनला कॉलेजचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवतात, आणि दर जूनला मी तो ड्रॉवरमध्ये टाकतो.

गेल्या रविवारी इथवरचा हा लेख घेऊन त्यांच्या घरी गेलो. निवृत्तीनंतरही तिथं एका फळीवर बाटल्या मांडलेल्या असतात. साहेबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला.

"बाकी ठीक आहे. शिंपल्याचं काढून टाक."

"का?"

"समारंभाला हिराजींना मी बोलावलंय. ते वाचतील. वनिताचं तू अजून त्यांना विचारलेलं नाहीस."

"म्हणूनच ठेवतोय. बोलणी माझ्या वाट्याची होती, खाल्लीत तुम्ही."

"पोरगी जाईल, गड्या."

स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या, "अहो, लिहू दे की त्याला. एकदा तरी हा शांतपणे काहीतरी करतोय."

साहेबांनी कागद माझ्या हातात परत दिले. मग म्हणाले, "बरं, राहू दे. पण त्यांना पुस्तकातनं कळायला नको. आधी जाऊन तोंडानं सांग."

तेव्हा वाचकहो, हा लेख तुमच्या हाती पडेल, तोवर करावेत सगळ्यांना कळलेलं असेल. माझं काय झालं ते मला विचारू नका. साहेबांना कसलं दुखणं न लागो, त्यांच्या डोळ्यांना पाण्यातला गाळ असाच अनेक वर्षं दिसत राहो, आणि करावेची माणसं त्यांच्या पंच्याहत्तरीला पहिल्या रांगेत बसोत, एवढंच मागणं.

त्या रविवारी कागद खिशात घालून मी उठलो. दारापाशी पोचलो तेव्हा मागून हाक आली, "अवी!" वाटलं, अजून अडवतायत.

"दार हळू. फळीवर बंद खाणीच्या बाटलीतला गाळ बसतोय."

मी बाहेर आलो. दोन्ही हातांनी दार ओढलं आणि कडी लागेपर्यंत मूठ सोडली नाही.