सात नंबरच्या रिपोर्टखालचं नाव

मैत्री, निहार, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, तू सांगतेस ते काम नेटवर आहे, पण खाली नाव कुण्या सरांचं आहे. तू खोटं सांगतेस का?" तुमच्या आईने तुम्हाला दटावलं. दटावायला नको होतं. प्रश्न बरोबर होता. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले. इंग्रजीत लिहिता आलं असतं. पण अपमान मराठीत झाला, तर सांगतेही मराठीतच. आई वाचून दाखवेल.

आर्वीच्या ज्या कॉलेजात मी निवृत्तीनंतर लॅब सांभाळत होते, तिथे विभागप्रमुख सरांचा सत्कार होता. वर्ध्याहून पाहुणे आले होते. मी प्रोजेक्टरजवळ उभी. स्लाइड मीच केलेल्या. एका स्लाइडवर इंग्रजीतली एकच ओळ मोठी करून दाखवायची होती: दोष कळवणारा, आणि पुढे सरांचं नाव. पाहुणे म्हणाले, आपल्या आर्वीच्या माणसाचं नाव जगभरच्या संगणकांत गेलं. टाळ्या. शाल. नारळ. मग सर माइकवर म्हणाले, "आणि स्लाइड नीट केल्याबद्दल आपल्या लॅबच्या बाईंचेही आभार."

त्या कॉलेजात नोकरी करणाऱ्या सगळ्या मॅडम होत्या. मी बाई होते.

दोष मी शोधला होता.

कसा, ते सांगते. लॅबमध्ये बारा संगणक होते, कुठल्याशा ऑफिसने जुने झाले म्हणून दिलेले. एसटीने खेड्यांतून येणाऱ्या मुलींना हात लावायला मिळणारे तेवढेच. संगणकात ग्राफिक्स कार्ड असतं. पडद्यावर काय उमटवायचं ते त्या कार्डाला समजावून सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. आमची कार्डं बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्याकडे पाहणं कधीच सोडलं होतं. पण त्यांच्यासाठी एक खुला ड्रायव्हर आहे. जगभरातली माणसं तो हौसेने चालवतात. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. एकदा नवी आवृत्ती घातली आणि बाराही पडद्यांवर हिरवे पट्टे आले. सर म्हणाले, भंगारात काढा.

मी त्या लोकांना कळवलं. त्यांच्यातल्या एका बाईने, ती कुठल्या देशातली ते मला आजही ठाऊक नाही, लिहिलं की नेमक्या कोणत्या बदलाने हे झालं ते शोधून द्या. ड्रायव्हर ज्या मोठ्या प्रोग्रामचा भाग आहे, त्याच्या चांगल्या आणि बिघडलेल्या आवृत्तीच्या मध्ये सुमारे चार हजार बदल होते. त्याची रीत अशी: मधोमध जायचं, तिथवरचा प्रोग्राम आपल्या संगणकावर बांधायचा, म्हणजे चालेल असा तयार करायचा, आणि सुरू करून पाहायचा. पडदा ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, पट्टे असतील तर मागच्या. पुन्हा अर्धं. पुन्हा अर्धं. बारा पायऱ्या. सात नंबरच्या संगणकावर एक पायरी बांधायला सकाळपासून दुपार व्हायची. मी नोंदवही केली. तारीख, पायरी, चांगला की वाईट.

सातव्या पायरीला चुकले. संगणक आपोआप जुन्याच आवृत्तीवर सुरू झाला होता, आणि स्वच्छ पडदा बघून मी 'चांगला' लिहिलं. शेवटी जो बदल हाती आला तो आवाजाचा निघाला. त्या बाईने नम्रपणे लिहिलं की ग्राफिक्स कार्डं सहसा गात नाहीत. मी लॅबमध्ये एकटी हसले आणि सातव्यापासून सगळं पुन्हा केलं. सापडला.

आता माझी खरी चूक. रिपोर्ट लॅबच्या मेलवरून गेला, आणि खाली मी सरांचं नाव टाइप केलं. कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी तंत्रनिकेतनात तीस वर्षं लॅब असिस्टंट होते. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून दिल्ली-मुंबईची सगळी पत्रं मी लिहायची आणि सही साहेबांची. पुलगावच्या शाळेतही तेच. भाषण मी लिहिलेलं, स्टेजवर वाचलं डॉक्टरांच्या मुलीने. गुरुजी म्हणाले, तुझं लिखाण चांगलं, तिचं दिसणं. मी खाली बसून टाळ्या वाजवल्या. हाताला वळण लागलं. मजकूर आपला, नाव वरच्याचं.

त्या ड्रायव्हरवाल्या लोकांची एक पद्धत आहे. प्रत्येक दुरुस्तीखाली नावं लिहितात: कळवलं कोणी, तपासलं कोणी, केलं कोणी. ती नावं दुरुस्तीबरोबर कायमची राहतात. त्यांनी पत्रावरचं नाव प्रामाणिकपणे उचललं.

सत्कारानंतर मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, काम माझं होतं. ते नारळ टेबलावर ठेवत म्हणाले, "पत्रावर नाव कोणी घातलं? मी?"

मी दार ओढून घेतलं.

बाहेर ऑफिसातली सुनंदा होती. म्हणाली, "तोंड काऊन पाडून राह्यल्या जी? सरायचं नाव झालं म्हंजे आपल्या कॉलेजचंच झालं ना. अन् शाल तुमाले मिळाली असती तरी या उन्हात घेतली असती का अंगावर?" ती हसली. मलाही हसता आलं असतं तर बरं झालं असतं.

मला हेवा वाटत होता. मोठी माणसं अशा वेळी वाईट वाटलं म्हणतात. मला वाईट नाही वाटलं, हेवा वाटला. शालीचा. नारळाचा. रोज सकाळी चहाआधी मी नेटवरचं त्या दुरुस्तीचं पान उघडायची आणि सरांचं नाव वाचायची. अक्षरं मोजायची. दोष शोधायला लावणाऱ्या त्या बाईचाही हेवा वाटे, तिचं नाव पानोपानी होतं. तुमचाही वाटला. तुमच्या आईने तुमच्या चित्रांचे फोटो पाठवले होते. वाकडं घर, निळा कुत्रा, आणि खाली कोपऱ्यात मोठ्या अक्षरात आपलं नाव. तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मला साठी उलटली तरी जमलं नव्हतं.

महिन्याभराने त्या बाईचं पत्र आलं, सरांच्या नावाने. नवी दुरुस्ती केली आहे, तुमच्या कार्डावर तपासून कळवाल का? लॅबचा मेल आता सर बघत. त्यांनी त्याची प्रिंट सुनंदाच्या हाती पाठवली. वर पेनने लिहिलं होतं: करून पाठवा.

मी तपासलं. दोन दिवस लागले. मग प्रिंट घेऊन केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "काम झालंय. या उत्तराखाली माझं नाव जाईल."

सरांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. "तुमच्या लोकांचं हे असंच. थोडं इंग्रजी आलं की सगळ्यावर हक्क."

माझे लोक. माझे वडील पुलगावच्या गिरणीत होते. त्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले जुने देव बाहेर काढले आणि भिंतीवर कोटातला एकच फोटो लावला. त्या फोटोखाली बसवून माझ्याकडून इंग्रजी शब्द पाठ करून घेतले. त्यांना स्वतःला सही येत नव्हती. अंगठा उठवायचे. मला सही येत होती, आणि मी आयुष्यभर दुसऱ्याचं नाव लिहीत आले.

मी म्हटलं, "हो सर. हक्कच."

त्याच दुपारी स्वतःचा मेल उघडला. नोंदवहीच्या सगळ्या पानांचे फोटो जोडले, सातव्या पायरीच्या खाडाखोडीसकट. लिहिलं की मागचा रिपोर्ट माझा होता, खालचं नाव मीच चुकीचं घातलं, हे तपासणं माझं आहे. आणि खाली माझं पूर्ण नाव. टाइप करताना दोनदा चुकलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिने माफी मागितली. पण लिहिलं की झालेल्या दुरुस्तीखालची नावं बदलता येत नाहीत. साऱ्या जगाने त्या दुरुस्तीची प्रत घेतलेली असते. एक अक्षर हललं तरी पुढचं सगळं हलतं. नव्या दुरुस्तीखाली तुमचं नाव जाईल.

मला ते न्याय्य वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पुढच्या सत्रात कॉलेजने मला बोलावलं नाही. नवे संगणक आले, जुने भंगारात निघाले. गाडी भरताना मी गेले आणि सात नंबर मागून घेतला. सुनंदाने तो ऑटोत धरायला मदत केली आणि म्हणाली, "घेऊन जा बाई, नाईतर हाही सरायच्या नावावर होईल."

तर मैत्री, निहार, मी खोटं सांगितलं नव्हतं. ते नाव तिथे आहे आणि ते खोटं आहे. ते मी लिहिलं. यापुढे माझ्या हातून दुसऱ्याचं नाव लिहिलं जाणार नाही. कामाखाली नाही, अर्जाखाली नाही, साध्या चिठ्ठीखालीही नाही. हेवा गेलेला नाही. तो मला नकोसा झालेला नाही. तो असेल तोवर मी नाव लिहायला विसरणार नाही.

सरांचं नाव एका दुरुस्तीखाली आहे. माझं आता पाचांखाली. सात नंबर माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. पडदा स्वच्छ आहे.