जलालुद्दीनभाऊंची झोपलेली पानं

आलापल्लीच्या बस स्टँडमागे जलालुद्दीनभाऊंचं ऑनलाइन सेंटर आहे. आधी तिथेच त्यांचं शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाईक परत येईपर्यंत त्याचं कापड खुंटीवरून हलवायचं नाही, ही त्यांच्या वडिलांची शिस्त. मशीन गेली, कॉम्प्युटर आला, शिस्त तीच राहिली. ज्याचं काम अर्धवट, त्याचं पान उघडं. स्क्रीनच्या वरच्या कडेला टॅब इतके दाटले होते की नावं वाचता येत नव्हती, आणि कॉम्प्युटर माझ्या गुडघ्यांसारखा चालायचा.

शेजारच्या हर्षाला नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. मुदत त्याच संध्याकाळी संपणार. तिच्या फोनवरून फोटो चढेना म्हणून मी तिला इथे आणलं, तर इथे नुसतं चाक फिरत बसलेलं.

मी म्हटलं, बाकीचं सगळं बंद करा. भाऊ दुखावले. कोलूचा दाखला, मंगलीचं रेशन कार्ड, सगळे येणार आहेत म्हणे. त्यात गिरजाबाईच्या पेन्शनचंही पान होतं. ती गेल्या उन्हाळ्यात वारली, मी स्वतः मातीला गेले होते.

"मले कोणी येऊन सांगितलं नाई, बाई," भाऊ म्हणाले.

वाद घालायला वेळ कुठे होता? ब्राउझरच्या सेटिंगमध्ये वापरात नसलेली पानं झोपवायची सोय असते. पान जागेवर दिसतं, पण मेमरी खात नाही. बंद करायचं नाही, फक्त झोपवायचं, हे ऐकून भाऊ राजी झाले. मी सर्वांत लवकर झोपवायची वेळ निवडली. जरा वेळाने कॉम्प्युटर मोकळा झाला, हर्षाचा फोटो चढला. सही तेवढी राहिली.

मी चष्मा पुसते तोवर चाक पुन्हा फिरायला लागलं. पाहते तर माउस भाऊंच्या हातात, आणि ते एकेका टॅबवर टिचकी मारतायत.

"हे काय चाललंय?"

"पाहून राह्यलो, सगळे झोपले का नाई ते."

"भाऊ, पाळण्यातल्या पोराला गदागदा हलवून विचारता का, झोपलास का म्हणून?"

माउस मी हर्षाला दिला आणि भाऊंना माझ्या पिशवीचा उसवलेला बंद. सुईदोरा अजून त्यांच्या खिशात असतो. बंद शिवून होईपर्यंत पानं पुन्हा झोपली आणि अर्ज गेला. हर्षाचा चेहरा खुलला.

पावती छापून ती आपलं पान बंद करायला गेली, तर भाऊंनी हात आडवा घातला.

"राहू दे पोरी. नर्स होऊन ये, मंग बंद करू."

मी पिशवी खांद्याला लावली. झोपलेल्या पानाला असं काय खायला लागतं?