न सांगितलेला सहा अक्षरी शब्द

सकाळी साडेसहाला माझा मोबाईल वाजला की तो फोन माझ्या थोरल्या बहिणीचाच असतो. आक्का कामथडीला, मी भोरला. कुणाला वाटेल, बहिणी बहिणी सुखदुःखाचं बोलत असतील. छे! आक्का गोठ्यात धार काढता काढता ओरडते, "पी, एल, ए, एन, टी. आजचा ह्योच हाय. भर आन मोकळी हो."

हा मोबाईलवरचा शब्दांचा खेळ तिला तिच्या सुनेनं शिकवला. रोज एक इंग्रजी शब्द, पाच अक्षरांचा. अक्षर जागेवर बसलं की घर हिरवं होतं. सगळ्यांना एकच शब्द असतो आणि तो ज्याचा त्यानं शोधायचा, हीच त्यातली गंमत. आक्काला ते मंजूर नाही. तिला सापडला की ती आधी मला सांगते, मग जावेच्या लेकीला, मग खुरपायला आलेल्या बायकांत जिच्याकडे मोबाईल असेल तिला. मी शाळेत इंग्रजी शिकवते. चहाबरोबर पाच मिनिटं डोकं खाजवावं एवढंच माझं सकाळचं सुख, तेही ही बाई चहाला उकळी यायच्या आत संपवते.

एकदा मी चिडलेच. "आक्का, उत्तर सांगायचं नसतं गं! ही काय खुरपणी आहे?"

"मंग काय हाय? माजी पात निगाली, तुजी मागं ऱ्हायली. तुला तशीच सोडून बांधावर जाऊन बसू व्हय?"

ते मला बरोबर लागलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

आमच्याकडे भुईमूग खुरपताना प्रत्येकीची एकेक पात असते, म्हणजे रानातला आपापला पट्टा. जिची पात आधी निघते ती बसून राहत नाही. ती वळते, मागं राहिलेलीच्या पातीत समोरून शिरते, आणि दोघी मध्ये कुठंतरी भेटतात. यात उपकार कुणी मानत नाही. उद्या तू मागं राहिलीस तर ती येणारच, हे गृहीत असतं. मी मात्र एकदा गेले नव्हते. एक शब्द मी आक्काला सांगितला नाही, आणि त्या शब्दावर मी भोरला आले नि ती घरी राहिली.

आमचं गाव वेल्ह्याच्या डोंगरात. शाळा सातवीपर्यंतच. शेळ्यांपायी आक्काचं एक वर्ष बुडालं, म्हणून थोरली असूनही ती माझ्याच वर्गात. गुरुजी दर शनिवारी फळ्यावर आडव्या रेघा मारायचे. पाच रेघा, दुसऱ्या रेघेवर आय, शेवटच्या रेघेवर आर. भरा! आक्का मान वर न करता म्हणायची, "रिव्हर." मी नुसतीच बोटं मोजत बसायचे.

शाळा सुटली की आम्ही शेळ्या घेऊन माळावर जायचो आणि तिथं खेळ पुन्हा सुरू व्हायचा. ती काठीनं मातीत रेघा ओढायची. "चार अक्षरं. मदी दोन ओ, शेवटाला के." मी म्हणायचे, "बुक." ती म्हणायची, "आनि येक हाय." मी "कुक" शोधून काढेपर्यंत शेळ्या ती अक्षरं तुडवून गेलेल्या असायच्या. मग ती पुन्हा काढायची. ते दिवस आठवले की अजून जीव हुरहुरतो. तेवढं इंग्रजी मला पुढं कुणीच शिकवलं नाही.

सातवी झाल्यावर प्रश्न आला. भोरला आत्या होती, पण तिच्या खोलीत एकीचीच सोय. दुसरीनं शेळ्या बघायच्या. आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, काही ठरवता येईना. ते गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणाले, "मी दोघींना वीस शब्द घालतो. जिचे जास्त येतील ती जाईल." "आन सारकंच आलं तर?" आण्णांनी विचारलं आणि स्वतःच म्हणाले, "तर मंग थोरली जाईल."

वर्गात आम्ही दोघीच. गुरुजी बाहेर ओट्यावर आण्णांशी बोलत बसले. आक्काचे एकोणीस भराभरा झाले, माझे तेरा. तिनं माझ्या पाटीकडं पाहिलं आणि एकेक करून सहा शब्द कुजबुजत मला सांगितले. तिची पात निघाली होती ना! आता दोघींचाही तोच एक शब्द राहिला. सहा अक्षरं, पहिलं डब्ल्यू, शेवटचंही डब्ल्यू.

आक्काची पाठ खिडकीकडं होती. माझं तोंड खिडकीकडं होतं. मी खाली मान घालून लिहिलं, आणि पाटीवर हात आडवा धरला. सांगितला असता तर दोघींचे वीस झाले असते आणि ती गेली असती. हे मला तेव्हा पक्कं कळत होतं. मी लहान होते, ही सबब मी स्वतःला कधी दिली नाही.

गेल्या महिन्यात मी कामथडीला गेले. आक्का पडवीत शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं, हात आडवा धरला होता तेही.

तिचे हात थांबले. "कुटला व्हता त्यो शब्द?"

"विंडो."

तिनं बोटांवर अक्षरं मोजली. सहा भरली. "बरूबर हाय," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती हसेल, म्हणेल जाऊ दे, किती जुनी गोष्ट. खरं तर तेवढं ऐकायलाच मी गेले होते.

"तवाच सांगायचा व्हतास," आक्का म्हणाली. "मला लई जायाचं व्हतं गं."

इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती, आणि मीही तिला कधी विचारलं नव्हतं.