हुंगलेला गुलाब

विलायतेला परतलेल्या एका साहेबाची जुनी बाग आम्ही निपाणीजवळ घेतली. तीत एक अनोळखी गुलाब निघाला. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, तिथं तंबाखू वाळवायला खळं करायचं होतं.

"या गुलाबाची जात शोधून आण. मोलाची असली तर ठेवतो," तो म्हणाला.

बेळगावच्या कॅम्पातल्या नर्सरीचा मालक म्हणाला, पूर्ण उमललेलं फूल आणा. पण उमलू देतंय कोण? आई पहाटेच सगळ्या कळ्या देवासाठी खुडायची. कर्मकांडाविरुद्धची पत्रकं वाचून वाढलेला मी तिच्याशी रोज भांडायचो. शेवटी एकदा तिच्यासमोरच एक कळी हुंगली. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही.

"बाटवलंस की रं!" ती ओरडली.

तेवढं एक उमललं. ते घेऊन मी बेळगाव गाठलं. मालकानं पाकळ्या उलटसुलट बघितल्या, वास घेतला.

"लई जुना हाय. नाव मलाबी ठावं न्हाय."

मी चरफडत परतलो. अण्णा हसत कुदळ घेऊन निघाला, तशी आई आडवी आली.

"देवाच्या झाडाला कुदळ लावतोस व्हय रं?"

गुलाब वाचला, पण देवाच्या नावावर. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झुडपावर एकही कळी शिल्लक नव्हती.