विहिरीवरच्या कॅमेऱ्यातलं घरटं

आमची शेती पारोळ्याच्या बाजूला, आणि आम्ही राहतो धुळ्यात. विहिरीवरची केबल चोरीला गेली, तेव्हा नवऱ्याने मोटारीच्या खोलीवर कॅमेरा बसवला. घरबसल्या मोबाइलवर विहीर दिसायची आणि तिच्या काठचा कडुनिंब. त्याच उन्हाळ्यात शिक्रा या शिकारी पक्ष्यांच्या एका जोडीने कडुनिंबाच्या बेचक्यात घरटं केलं, अगदी कॅमेऱ्यासमोर.

मला या घरात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याची पहिली बायको तापाने गेली होती. तिची मुलगी आठ वर्षांची. माझं सगळं ऐकायची, पण हाक कसलीच मारायची नाही. काही हवं असलं की समोर येऊन नुसती उभी राहायची.

घरटं मात्र आम्ही दोघी मिळून बघायला लागलो. नवऱ्याने कॅमेरा टीव्हीला जोडून दिला होता. शाळेला सुट्टी. दुपारी खिडक्या लावून, कूलर सुरू करून आम्ही खाली सतरंजीवर बसायचो आणि सासूबाई मागे पलंगावर. मादी चोच उघडी टाकून धापा टाकायची, पण पिलांवर धरलेली सावली सोडायची नाही. नर सरडे आणून द्यायचा, ती ते फाडून तिन्ही पिलांना भरवायची. कॅमेऱ्यातून आवाजही यायचा. त्या वेळी शेतात चिटपाखरू नसायचं, तरी पाचोळ्यातून कुणी चालत असल्यासारखं ऐकू यायचं. थांबायचं, पुन्हा यायचं.

"सरडा असेल," मी म्हणायचे. सासूबाई पलंगावरून मान वर करून ऐकायच्या.

एका दुपारी मादी उडाली ती परतलीच नाही. नर सरडा घेऊन आला, काठावर ठेवून ओरडला, उडून गेला. पुन्हा आला, आणखी एक ठेवून गेला. पिलं माना वर करून चोची उघडत होती. भरवायचं काम त्याचं नव्हतंच; त्याला ते येत नसावं. रात्री मुलगी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती म्हणाली, "आली."

घरट्याच्या काठावर मादी बसली होती. तीच जागा, मान तिरकी करायची तीच तऱ्हा. मला हायसं वाटलं. सासूबाई पलंगावरून उठून टीव्हीजवळ आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हाई ती नई शे," त्या म्हणाल्या. "तिना डोया देख."

पहिलीचे डोळे पिवळे होते. हिचे नारिंगी. पहिलीच्या शेपटीतलं एक पीस तुटलेलं होतं, हिची शेपटी पुरी होती. आणि ही पिलांकडे बघतच नव्हती. सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती, म्हणजे आमच्या खोलीत. पाचोळ्यातला आवाज थांबला होता. मी हाताने नकळत पदर सारखा केला, कुणी परकं माणूस घरात यावं तसा.

"खाईल ती त्यांना?" मुलीने विचारलं. सासूबाईंना नाही, मला.

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि रिमोट उचलला.

"बंद नको करू."

ती मादी खाली उतरली. पिलांच्या अगदी वर उभी राहिली. सगळ्यात लहान पिलाच्या डोक्याला तिने चोच लावली आणि तशीच थांबली. मग वळली, वाळून गेलेला सरडा पायाखाली धरला, एक तुकडा तोडला आणि पुढे केला. पिलांनी तो खाल्ला.

"त्यांना कळलं नाही?" मुलगी म्हणाली.

"भूक लागनी ते कोन देस हाई कोन देखस?" सासूबाई बोलून गेल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

संध्याकाळी नवरा शेतात जाऊन आला. विजेच्या तारांखाली त्याला पिसं सापडली होती, त्यात एक शेपटीतलं, तुटकं. "पोरीला सांगू नको," तो हळूच म्हणाला. मी सांगितलं नाही, पण मुलीने पहिलीबद्दल पुन्हा कधी विचारलंही नाही.

पुढे एका सकाळी सगळ्यात लहान पिलू घरट्यात दिसलं नाही. पडलं की आणखी काही झालं, ते कुणालाच कळलं नाही. रात्रभर शेतावरचं नेट बंद होतं. उरलेली दोन वाढली, फांदीवर येऊन बसायला लागली, आणि जूनमध्ये उडून गेली.

त्यानंतरही ती मादी दुपारची येत राहिली. रिकाम्या घरट्याच्या काठावर बसायची आणि कॅमेऱ्यात बघायची. नवरा म्हणाला, आता काय आहे तिथे बघण्यासारखं. तरी आम्ही दोघी टीव्ही लावायचो.

अशाच एका दुपारी पडद्यावरची नजर न काढता मुलीने विचारलं, "आईला माहीत असेल का, तू इथं आलीस ते?"

"असेल," मी म्हणाले.

"तिला राग आला असेल?"

"मला तरी आला असता."

 ती सरकून माझ्या अंगाला अंग लावून आडवी झाली. झोपली असं वाटलं म्हणून मी वाकून पाहिलं, तर डोळे उघडेच होते.