काकूंच्या भिंतीवरची नीळ

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पेपरच्या डेस्कवरच्या कुणाला नाही, आणि सावंतकाकूंना तर नाहीच — त्या माझ्या घराच्या अगदी खाली राहतात. एका भिंतीवरून एवढं कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. इतकी वर्षं झाली, आणि अजून त्या भिंतीतून मी बाहेर पडत नाही, याचाच वैताग आहे.

भिंत मुलुंडमधल्या आमच्या जुन्या सोसायटीतली, काकूंच्या हॉलची. मूळचं प्लास्टरच वेडंवाकडं. मधोमध फुगवटा, ट्यूब लावली की त्याची सावली पडायची. काकू याच भिंतीपुढे गणपती बसवतात, आणि दर वर्षी मखरामागे चादर ताणून ती झाकायच्या. त्या वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी त्यांनी गावाकडच्या ओळखीतल्या दत्ताराम पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, प्लास्टर फोडायला नको, स्पंज मारू.

सुट्टी होती, म्हणून मी बघत बसलो. आधी बदामी रंगाचा हात, तो पूर्ण वाळू दिला. मग पीच रंग, पाणी घालून पातळ केलेला. स्पंज त्यात बुडवायचा, जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळायचा आणि भिंतीला नुसता टेकवायचा — घासायचा नाही. दर वेळी मनगट थोडं फिरवायचं, म्हणजे तोच ठसा पुन्हा उमटत नाही. कोपऱ्यांसाठी स्पंजचा फाडलेला तुकडा. संध्याकाळी फुगवटा नेमका कुठे होता, ते मला सापडेना. निघताना दत्तारामने वरच्या कोपऱ्याला हात लावून पाहिला. “काकी, हेच्यात खड्डे लपतत,” तो म्हणाला. “ओल लपाची नाय.”

आठवड्याभरात त्याच कोपऱ्यात रंगाला फोड आले.

मला शंका होती. का नसावी? त्या उन्हाळ्यात वॉशिंग मशीन बसावं म्हणून मी बाथरूममधली पाणी जायची जाळी दोन फूट सरकवली होती, नेमकी काकूंच्या त्या कोपऱ्याच्या वर — सोसायटीला न विचारता. पण शंका म्हणजे बातमी नव्हे, हे मी नव्या पोरांना शिकवतो. खात्री करा. म्हणून बायको माहेरी गेलेली असताना मी जाळीत फडकं कोंबलं, बादलीभर पाण्यात नीळ कालवली आणि ती बाथरूममध्ये साचवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी काकूंची हाक आली. पीचच्या ठशांमध्ये, वरच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा निळा डाग.

इतकी स्वच्छ खात्री मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

दत्तारामलाही बोलावलेलं होतं. काकू त्याच्यावर चढल्याच. “ह्या काय करून ठेवलंस रे मेल्या? खय निळो रंग मारून इलंस, आणि तोच स्पंज माझ्या भिंतीक लावलंस?”

“स्पंज नवो होतो, काकी. पाणी वरसून येता.”

त्याने पिशवीतून स्पंज काढला, बादलीत बुडवला, आमच्यासमोर पिळला. पाणी पीच झालं. फक्त पीच. सगळ्यांत जवळ मी उभा होतो.

“आता धुवन घेवन इलंस,” काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तू पेपरातला माणूस. तूच सांग, तुझ्याकडून गळतंय काय?”

मी म्हणालो, वर कोरडं आहे. स्पंज धुतलेला नसणार.

दोन वाक्यं. दोन्ही खोटी, दोन्ही सुटसुटीत. इथेच थांबलो असतो तर? पण नाही — काकूंना सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचं होतं, आणि मला लिहिता येतं. मी तीन ओळी लिहून दिल्या. विशेषण एकही नाही. नाव पूर्ण, आडनावासकट. दुसरी बाजू विचारल्याशिवाय कुणाचं नाव छापायचं नाही, असं सांगत मी केस पांढरे केले. आणि इथे दुसरी बाजू समोर उभी राहून स्पंज पिळत होती. गणपतीपूर्वी आमच्याच बिल्डिंगमधली चार घरं दत्तारामकडे ठरलेली होती. रात्र व्हायच्या आत चौघांनीही नको म्हणून कळवलं. पुन्हा तो आमच्या गेटमधून आत आला नाही.

गणपती झाल्यावर मी बाथरूमची फरशी फोडून जाळी जागेवर आणली. फरशी आवडली नव्हती, असं बायकोला सांगितलं. पुढच्या वर्षी काकूंनी दुसरा पेंटर आणला. त्याने साधा पांढरा रंग मारला, आणि तो टिकला — टिकणारच होता. “हात असावा लागतो,” काकू दर गणपतीला मला प्रसाद देताना सांगतात. “दत्त्याकडे नव्हता तो.” मला त्यांचा राग येतो. यांनी एकदा तरी मान वर करून छताकडे बघू नये? मग मोदक खातो आणि वर येतो.

दोन वर्षांपूर्वी दत्ताराम भेटला. स्टेशनजवळ रंगाच्या दुकानाबाहेर ब्रशांची पिशवी घेऊन कामाची वाट बघत उभा होता. त्याने मला ओळखलं.

“काकींची भिंत सुकली?” त्याने विचारलं.

सुकली, मी म्हणालो.

“म्हणजे तुम्ही वरचं काम केलंत.”

तो विचारत नव्हता. आवाजात राग नव्हता. कारागीर कामाबद्दल बोलतो तसा बोलला. मी म्हणालो, रिक्षा आली, निघतो. रिक्षा आलेली नव्हती.

चूक छापली गेली की आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देतो, आतल्या पानावर, बारीक अक्षरात. ही मी तेवढीही दिली नाही. ती अशी होती: पाणी वरून येत होतं. नीळ माझी होती. स्पंज स्वच्छ होता.